शनिवारचे तेली आणि घोड्याचा सौदागर

दिवाळीचे वहीपूजन आटोपून बाजार थोडा सैलावला की मुंबई-पुण्याच्या व्यापारी कुटुंबांची पावले अलिबागकडे वळतात. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला पोहोचवणारी रो-रो नौका २०२० साली सुरू झाली आणि पेण-वडखळच्या रस्त्याचा कंटाळाही संपला. शुक्रवारी संध्याकाळी निघावे, भाड्याच्या बंगल्यात दोन रात्री राहावे, बरोबर आणलेले खाखरे, ठेपले आणि महाराजाच्या हातचे भोजन यांवर दोन दिवस काढावेत आणि रविवारी परतावे, असा हा क्रम असतो. बंगल्याच्या आवारात तरणतलाव असतो, त्यामुळे समुद्रापर्यंत जाण्याचेही कारण उरत नाही. परतल्यावर मुलांना काय पाहिले म्हणून विचारले तर उत्तर तलावापाशीच थांबते. हीच मुले उन्हाळ्यात सिंगापूरला किंवा युरोपला गेली की प्रत्येक दगडापुढे उभी राहून पाटी वाचतात, कारण तिथे सहलीचा वाटाड्या ती वाचायला लावतो.

अलिबागपासून कोर्लईपर्यंतचा किनारा जेमतेम पंचवीस किलोमीटरचा. तेवढ्यात पाहण्यासारखे इतके विलक्षण काही पसरले आहे की दोन दिवस पुरत नाहीत. यातील बहुतेक ठिकाणी तिकीटखिडकी नाही, वाटाड्या नाही, क्वचित पाटीही नाही. ठाऊक असेल त्यालाच ते दिसते.

अलिबागहून रेवदंड्याच्या वाटेने निघाले की चार-पाच किलोमीटरवर आक्षी हे नारळी-पोफळीत दडलेले गाव लागते. इथे एक उभा कोरीव दगड आहे. वर सूर्यचंद्र, खाली नागरी अक्षरांतील लेख. तो कित्येक वर्षे ऊनपावसात रस्त्याच्या कडेला होता आणि त्याच्याजवळून हजारो मोटारी नागावच्या चौपाटीकडे धावत गेल्या. त्यावरील शक अभ्यासकांनी ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला आणि मराठीतील सर्वांत जुना कालनिर्देशित शिलालेख म्हणून हा दगड ग्रंथांतरी प्रसिद्ध झाला. काही अभ्यासक तो शके ११३२ चा मानतात. वाद अजून मिटलेला नाही. लेखाचा आशय मात्र व्यापाऱ्याला चटकन कळणारा आहे. पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती केसीदेवराय याचा महाप्रधान भइर्जु सेणुई याने महालक्ष्मीच्या बोडणासाठी शुक्रवारी नऊ कुवली धान्य देण्याची व्यवस्था लावून दिली, असा तो आहे. कुवली हे धान्याचे माप. बँकेच्या भाषेत याला स्थायी सूचना म्हणतात: ठरल्या वारी, ठरल्या खात्यातून, ठरलेली रक्कम. मुदत सूर्यचंद्र असेपर्यंत.

जैन वाचकांसाठी या दगडाला आणखी एक पदर आहे. आक्षीच्या लेखाचे नाव निघाले की त्याच्या जोडीने नेहमी दुसऱ्या एका लेखाचे नाव निघते आणि तो आहे श्रवणबेळगोळला, गोमटेश्वर बाहुबलींच्या चरणांशी. ही महामूर्ती चावुंडराजाने करविली, अशा अर्थाची दोन-तीन शब्दांची मराठी ओळ तिथे नागरी लिपीत कोरलेली आहे. चावुंडराय हा गंग राजाचा मंत्री आणि सेनापती. मूर्तीची स्थापना त्याने दहाव्या शतकाच्या अखेरीस केली. त्यावरून ही ओळ इसवी सन ९८३ ची आणि म्हणून मराठीतील आद्य ओळ, असे पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले. पुढे शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी शंका काढली. त्या ओळीवर सालच नाही आणि तिच्या जोडीला मूर्तीभोवतीचे आवार गंगराजाने बांधविले अशी ओळ आहे. गंगराज होयसळांचा सेनापती, बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी त्याच्याच काळी कोरल्या असतील, तर बेळगोळचा मान आक्षीकडे जातो. सोलापूर जिल्ह्यातील कुडलचा इसवी सन १०१८ चा लेखही या पंगतीत आहेच.

पहिला मान कोणाचा हा प्रश्न पंडितांनी सोडवावा. महामस्तकाभिषेकाला किंवा यात्रेला श्रवणबेळगोळची शेकडो पायऱ्यांची टेकडी चढून आलेल्या घरांनी त्या ओळीपुढे क्षणभर उभे राहिल्याचे क्वचितच ऐकू येते. कन्नड मुलखात मराठी ओळ कोरावी लागली, याचा अर्थ मराठी बोलणारे श्रावक त्या काळीही तिथे मोठ्या संख्येने जात असावेत, असे मानले जाते. ज्या कुटुंबाने बेळगोळ पाहिले आहे त्याने आक्षी पाहावे आणि ज्याने आक्षी पाहिले आहे त्याने पुढच्या यात्रेत त्या चरणांशी वाकून अक्षरे शोधावीत. दोन्ही दगड सहज वाचता येत नाहीत. पण मुलांना ‘श्री’ ओळखता आला तरी पुष्कळ झाले.

आता अलिबागच्या उत्तरेला वळावे. मांडव्याहून अलिबागकडे येताना उजव्या हाताला नवगाव आहे. फार प्राचीन काळी एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. जे बुडाले त्यांना नवगावच्या भूमीत दफन केले. तिथे आज स्मारक आहे. जे वाचले त्यांनी धर्मग्रंथ गमावले, भाषा गमावली, पण काही रीती सोडल्या नाहीत. त्यांतील मुख्य रीत शनिवारच्या विश्रांतीची. कोकणात आल्यावर त्यांनी तेलाच्या घाण्याचा धंदा धरला आणि आठवड्याच्या सातव्या दिवशी बैल सोडून घाणा बंद ठेवला. गावाला त्यांचा धर्म ठाऊक नव्हता. दिसत होता तो शनिवारी बंद राहणारा घाणा. म्हणून गावाने त्यांना नाव दिले, शनिवार तेली.

दुकानदारीत आयुष्य गेलेल्या वाचकाने याचा हिशेब मांडून पाहावा. वर्षाचे बावन्न दिवस धंदा बंद. शेजारचा दुसरा तेली त्या दिवशी घाणा चालवतो आहे, गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते आहे आणि बंद का ठेवायचा याचे कारण पुस्तकात दाखवावे, तर पुस्तकच समुद्रात बुडालेले. बापाने ठेवला म्हणून मुलाने बंद ठेवला, एवढाच आधार. संवत्सरीला दुकान उघडावे की न उघडावे यावर हल्ली ज्या घरांत नव्या पिढीशी चर्चा होते, त्या घरांना या घाण्याची गोष्ट जवळची वाटेल.

हे लोक पुरते कोकणी झाले. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे घेतली, घरात मराठी बोलले, मराठीत कीर्तने रचली. मुंबईचा व्यापारी ज्या मस्जिद बंदर परिसरात रोज उठतो-बसतो, तिथले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी उभारले. मराठी मुलखात त्यांना सामाजी हसाजी म्हणत. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटून आल्यावर त्यांनी हे बांधले, अशी कथा आहे. स्थानकाच्या नावातली ‘मस्जिद’ ही हीच, असे सांगतात. त्या स्थानकावरून आयुष्यभर जा-ये करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

अलिबाग शहरात इस्रायल आळी नावाचा रस्ता आहे आणि त्यावर मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर. मूळ स्थापना १८४८ ची, आजची इमारत १९१० ची. १९४८ नंतर समाजाची बहुसंख्य घरे इस्रायलला गेली. तिकडेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. अलिबागेत आता थोडी घरे उरली आहेत. त्यांच्या नियमाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. दहा जण जमवणे म्हणजे काय, हे मूळ गाव सोडून शहरात आलेल्या जैन कुटुंबांना वेगळे सांगायला नको. गावात मंदिर शिखरबंद, मूळनायक प्राचीन आणि घरे दोन. एका घरातले वृद्ध जोडपे, दुसऱ्या घराला कुलूप. पूजेला पगारी माणूस ठेवायचा आणि वर्षध्वजेच्या दिवशी मुंबईहून बस करून जायचे, हा अनुभव आता महाराष्ट्रभर आहे. अलिबागची ती इमारत पाहताना जो विचार मनात येतो, तो दुसऱ्या समाजाविषयीचा राहत नाही. आत जायचे असल्यास आधी विचारून, डोके झाकून जावे. शनिवारी प्रार्थनेच्या वेळी पाहुण्यांनी जाऊ नये. अलिबागजवळ खंडाळे-सागाव भागातील खडकावर एलियाहू प्रेषिताच्या रथाची खूण आहे, असे हा समाज मानतो. मलिदा नावाच्या विधीत पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा नैवेद्य असतो. घाटावरून आलेल्या पाहुण्याला तो परका वाटत नाही.

समुद्राकडे जाताना भूचुंबकीय वेधशाळा लागते. हिची कथा सरकारी इमारतींत शोभेल त्याहून अधिक गमतीची आहे. कंपनी सरकारने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा स्थापली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उद्रेकामुळे जगभर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची नोंद कुलाब्याच्या वहीत सापडते आणि आजचे शास्त्रज्ञ ती वही अजून उघडून पाहतात. पुढे मुंबईच्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवण्याचे ठरले. विजेचा प्रवाह आला की सुई थरथरणार. मग मोजलेले आकडे पृथ्वीचे की ट्रामचे, हे कसे कळावे? शहराला ट्राम हवी होती, विज्ञानाला शांतता. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागची जागा निवडली आणि चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात, लोखंड टाळून, नवी वेधशाळा उभी राहिली.

यापुढचा भाग हिशेबनीसाने दाद द्यावी असा आहे. १९०४ साली अलिबाग सुरू झाले, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, फरक काढला आणि मगच जुने खाते बंद करून शिल्लक नव्यात ओढली. त्यामुळे १८४१ पासूनची मालिका तुटली नाही. जगात इतक्या दीर्घ नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ साली, म्हणजे तयारी आधी झाली आणि अडचण मागाहून आली. सरकारी कामात हा क्रम दुर्मीळच. ट्रामही १९६४ साली बंद झाली. वेधशाळा चालू आहे. ‘अलिबागहून आला आहेस काय’ म्हणून हिणवणाऱ्या मुंबईकराला हे सांगण्याजोगे आहे. त्या वाक्प्रचारावर बंदी घालावी अशी याचिका उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये फेटाळली गेली, ही आणखी एक मौज. वेधशाळा हे काम चालू असलेले ठिकाण असल्याने आत सहज प्रवेश मिळत नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आधी परवानगी काढावी, शाळेतील मुले बरोबर असतील तर अवश्य काढावी.

समोरच्या कुलाबा किल्ल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळातील हा जलदुर्ग पुढे कान्होजी आंग्रे यांचे प्रमुख ठाणे झाला आणि आतील सिद्धिविनायकाचे मंदिर १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधले. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येते. इथे अडचण होते ती वेळेची. लोक अकरा वाजता न्याहारी करून किनाऱ्यावर येतात आणि समोर पाणी पाहून परत फिरतात. कोकणातील जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीन वाजता, म्हणून ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणून ओहोटी दुपारी बाराला. पण अष्टमीचे दिवस भांगाचे, पाणी फार मागे हटत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावे लागते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने समुद्र खूप मागे जातो, मात्र ती ओहोटी पहाटे आणि सायंकाळी. तेव्हा तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम. अष्टमी-चतुर्दशीसाठी घरात पंचांग पाहिले जातेच. सहलीची तारीखही त्यातूनच काढावी. किनाऱ्यावरील छापील वेळापत्रक आणि स्थानिक माणसाचा शब्द मात्र अंतिम मानावा आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत परत फिरावे.

दक्षिणेला चौल-रेवदंडा. टॉलेमीच्या काळापासून परदेशी लेखकांना ठाऊक असलेले हे बंदर. इथे १४६९ च्या सुमारास एक रशियन व्यापारी उतरला, अफनासी निकितिन. त्वेर गावचा. घरून निघाला तेव्हा भारताचा विचारही नव्हता. व्होल्गेच्या मुखाजवळ लुटला गेला, माल गेला, कर्ज अंगावर राहिले आणि रिकाम्या हाताने घरी कसे जावे म्हणून पुढे पुढे जात राहिला. बाकू, इराण, होर्मुझ. तिथे त्याला कळले की भारतात चांगला घोडा पैदा होत नाही आणि बहामनी फौजेला घोडे हवेत. उरलेसुरले भांडवल एका घोड्यात घालून तो गलबताने चौलला आला. एका मालात सर्व भांडवल! पेढीवरच्या कोणत्याही वडीलधाऱ्याने त्याला अडवले असते.

चौलहून पालीमार्गे तो जुन्नरला पोहोचला आणि तिथल्या खानाने घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. न बदललास तर घोडाही नाही. चार दिवसांची मुदत. घरापासून हजारो कोस दूर, सर्व पुंजी दुसऱ्याच्या तबेल्यात, आणि धर्म बदलल्याचे घरी कोणाला कळणारही नव्हते. निकितिनने नकार दिला. खुरासानच्या महंमद नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा सुटला. पुढे तो बिदरला विकला गेला. वर्षभराच्या चाऱ्याचा खर्च निकितिनने नोंदवून ठेवला आहे. इथे घोड्यांना तूप-साखरेची खिचडी खाऊ घालतात, हेही त्याने लिहिले. आपल्या मुलखासाठी नेण्याजोगा माल इथे नाही. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रात चाचे, असा त्याने निष्कर्ष काढला. व्यापार म्हणून सगळा प्रवास तोट्याचा. परतताना घरी पोहोचण्यापूर्वीच स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो मरण पावला. त्याच्या नोंदी तेवढ्या मागे राहिल्या. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधीचे हे टिपण. १९५७ चा ‘परदेसी’ हा भारतीय-रशियन चित्रपट त्याच्यावरच होता. घरातील ज्येष्ठांना आठवत असेल. रेवदंड्यात शाळेच्या आवारात २००२ साली त्याचा स्मारकस्तंभ उभारला गेला. पाच मिनिटांत पाहून होतो आणि त्यासाठी शाळेत विचारावे लागते.

रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. डोंगराच्या निमुळत्या सोंडेवर पोर्तुगिजांचा किल्ला, पायथ्याशी दीपगृह. १७४० मध्ये पोर्तुगीज हा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन करून गेले; पण पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेची एक लेक मागे राहिली. पोर्तुगीज शब्द, मराठी वळणाची वाक्यरचना. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. ती बोलणारे हजाराच्या आसपास, आणि जगात दुसरीकडे ही बोली नाही. मुले मराठी शाळेत जातात, नोकरीसाठी मुंबई गाठतात. पुढच्या पन्नास वर्षांत ती ऐकू येईल की नाही, सांगता येत नाही. तसे पाहिले तर पगार, लिलाव, चावी, घमेले हे शब्द पोर्तुगिजांकडूनच आले आहेत आणि कोणत्याही पेढीवर रोज उच्चारले जातात. बटाटाही त्यांचाच; तो कंदमूळ म्हणून आपल्या घरांत शिरला नाही एवढेच. (भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा प्रसिद्ध पांढरा कांदाही याच कारणाने बाजारातच ठेवून यावे लागते.)

किल्ल्यावर जाण्यासाठी दीपगृहाजवळून पायऱ्या आहेत. वर सावली नाही, पाणी बरोबर न्यावे. गावात बोली ऐकायची असेल तर घाई करू नये आणि कोणापुढे मोबाईल धरून बोल म्हणू नये. चर्चजवळच्या दुकानात काहीतरी विकत घेऊन थोडा वेळ बसावे, कानावर पडेल ते ऐकावे. या किनाऱ्यावरच्या बहुतेक खाणावळी मासळीच्या आहेत आणि कोर्लईहून अलिबागला परतायला सुटीच्या दिवशी तासाभराहून अधिक लागू शकतो. ज्यांचा चौविहार असतो त्यांनी चार वाजता गाडीत बसलेले बरे.